रंगनाथानं महागाई घालवली

वांगेवाडीत रंगनाथ नावाचा एक भोळा खजिनदार होता. भोळा म्हणजे किती? गावानं त्याला पेटीवर नेमला तोच मुळी, चोरी करायलाही अक्कल लागते म्हणून!

वांगेवाडीचा सगळा व्यवहार पत्र्याच्या बिल्ल्यांवर चालायचा. बिल्ल्यांची पेटी आधी येसूआत्याकडे असायची. म्हातारीला दिसेनासं झालं, तशी तिनं किल्ली रंगनाथाच्या हातात दिली आणि बजावलं, "रंग्या, काम अडलं की बिल्ले वाट. भाव चढले की गोळा कर. एवढं आलं की सगळं आलं."

"आलं," रंगनाथ म्हणाला.

दोन वर्षं झकास गेली. मग महिपतीच्या तेलघाण्याचा बैल लंगडायला लागला. गावात घाणा एकच आणि बैलही एकच. तेल निम्म्यावर आलं. रंगनाथाची बायको गोजरा भजी विकायची, घर त्या भज्यांवरच चालायचं. खजिनदाराला काय, नुसता मान! बिल्ल्याला आठ भजी देणारी गोजरा चारच द्यायला लागली.

"अहो, तेल महागलंय. असंच चाललं तर माझी चूल विझणार. काहीतरी करा ना!"

"भाव चढले ना? सोपंय."

रंगनाथानं घरोघर फिरून निम्मे बिल्ले गोळा केले. झालं! लोकांच्या हातात काही उरेना. न्हावी धोकटी उशाला घेऊन झोपला. कुंभाराचं चाक थांबलं. बैल लंगडत होता तो लंगडतच राहिला, आणि भजी चारच.

"अहो, भजी महाग ती महागच, आणि आता गिऱ्हाईकही येईना!"

"काम अडलं ना? सोपंय."

त्यानं होते नव्हते तेवढे सगळे बिल्ले वाटले. गाव भज्यांवर तुटून पडलं. पण तेल होतं तेवढंच, बिल्ल्याला दोनच भजी मिळायला लागली. न्हावी म्हणाला, "भजी महाग, तर हजामत महाग." कुंभार म्हणाला, "हजामत महाग, तर मडकं महाग." गोजराला पिठाचं मडकं महाग पडलं आणि ती एका भज्यावर आली. मग कोण घेतंय? न्हावी पुन्हा झोपला.

"अहो, भावही चढलेत आणि कामंही अडलीत!" गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या चूल पेटत नाही बघा."

दोन्ही एकदम? हे काही आत्यानं शिकवलं नव्हतं. रंगनाथानं डोकं खाजवलं. मग पाराच्या एका बाजूला तो बिल्ले वाटायला बसला आणि दुसऱ्या बाजूला गोळा करायला चुलतभावाला बसवलं. लोक इकडून घ्यायचे, तिकडे द्यायचे. दिवसभर नुसत्या रांगा! एकानं विचारलं, "हे कशासाठी, रंगनाथराव?"

"दोन्हीसाठी."

शेवटी येसूआत्याच काठी टेकत आली. "अरे मेल्या, पेटीशी काय खेळत बसलास? सगळं दुखणं त्या बैलाच्या पायात आहे! जा, त्याचं काय ते बघ."

रंगनाथ गोठ्यात गेला. बैल बसलेला. घाणा बंद. आता मात्र रंगनाथाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाव चढलेत, म्हणून गावातला शेवटचा बिल्लासुद्धा गोळा करायचा. काम अडलंय ते बैलाचं, म्हणून सगळे बिल्ले बैलाला वाटायचे! एका दमात दोन्ही!

त्यानं दोन पोती बिल्ले बैलाच्या पाठीवर बांधले आणि मायेनं थोपटलं. "घे बाबा. सगळे तुलाच."

बिल्ले खणखणले. बैल बिचकला, उठला आणि तीन पायांवर जो उधळला तो पार डोंगरापलीकडे. पुन्हा काही कुणाला दिसला नाही.

रंगनाथ नाचतच घरी आला. गोजरा विझलेल्या चुलीपुढे बसली होती.

"अहो, तळायला तेल नाही आणि घ्यायला कुणापाशी बिल्ला नाही. मी विकू काय नि कुणाला?"

"तेच तर!" रंगनाथ म्हणाला. "सकाळपासून एक तरी माणूस म्हणाला का, भजी महाग म्हणून?"