कोंडाजीची दुनळी

रानगिरीच्या राजेसाहेबांना आपल्या नेमबाजीचा भारी ताठा. धाकट्या बहिणीने, सुलोचनाराजेंनी, शिकारीला यायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी भर दरबारात विलायती बंदुका मांडल्या.

"एकच निवडा. सशापासून वाघापर्यंत सगळं पाडणारी आणि रानात जीवही राखणारी. चुकलात तर पुन्हा शिकारीचं नाव काढायचं नाही!"

सुलोचनाराजेंनी त्या बंदुकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मचाणावर नेहमी राजेसाहेबांच्या पाठीमागे बसणाऱ्या कोंडाजी शिकाऱ्याच्या खांद्यावरची जुनी दुनळी त्यांनी काढून घेतली.

"हे खटारं?" राजेसाहेब हसले.

"दादासाहेब, आजवर तुमचे सगळे वाघ हिनेच पाडले, आणि तुमचा जीवही हिनेच राखला."

दरबार खाली मान घालून हसला.

"बरं, उद्या चला," राजेसाहेब पुटपुटले, "पण आधी कोंडाजीला दुसरी बंदूक द्या!"