परतीची तार

"मग हॉर्न वाजवतंय कोण, उस्ताद?"

भालचंद्रनं विचारलं. लतीफ उस्ताद शववाहिनीच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभे होते.

भालचंद्र त्यांचा जुना शिष्य. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. गाडी नुसती ऐकून तो वायरिंगमधला दोष सांगतो, असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते पटलेलं होतं. या गाडीनं मात्र त्याची झोप उडवली होती. हॉर्नचा रिले बदलला, स्विच बदलला, फ्यूज बदलले. तरी बंद गाडी, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात, आणि भर दुपारच्या सामसुमीत हॉर्न वाजायचा. एकदाच. आखूड. कुणी हाक मारावी तसा.

शेवटी काल त्यानं ती ओढून उस्तादांच्या गॅरेजात आणून लावली.

ड्रायव्हर सोपानराव जवळच दगडावर बसले होते. पावसाळा सरता सरता त्यांनी याच गाडीतून स्वतःच्या बायकोला नेलं होतं. हॉर्न तेव्हापासून वाजत होता. सोपानराव दुपारचे घरी जात नसत, धड जेवत नसत. गाडीपाशी बसून राहत.

"ती बोलावते," ते म्हणाले. "मी नसलो तर ओ कोण देणार?"

"दोष आहे हो काहीतरी," भालचंद्र म्हणाला. "सापडत नाही, एवढंच."

उस्ताद गाडीच्या मागे गेले, खाली वाकले.

"करंट येतो कुठून, ते तू बघितलंस..."

"बघितलं की. तार न् तार."

"परत जातो कुठून?"

भालचंद्र गाडीला हात टेकून त्यांच्याशेजारी वाकला.

उस्तादांनी गाडीखालून एक तार बोटानं पुढे ओढली. मागच्या शीतपेटीचा अर्थ, म्हणजे अर्थिंग. वापरलेला करंट गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत नेणारी तार. तिचा बोल्ट गंजून सुटला होता. तार नुसतीच लोंबत होती.

आणि हॉर्न वाजला.

भालचंद्रचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"आलो गं," सोपानराव म्हणाले. ते उठून मागच्या दारापाशी आले.

उस्तादांनी त्यांना अडवलं नाही. पाना आणि पॉलिश पेपर त्यांच्या हातात ठेवला.

"सोपानराव, निघालेल्याला परत जायला वाट लागते. ती तुटली, की तो भलत्याच तारेत शिरतो. मग जिथं त्याचं काम नाही, तिथं काहीतरी वाजत राहतं."

"वाट केली, तर जाईल?" सोपानरावांनी विचारलं.

"जाईल."

"मग पुन्हा नाही वाजणार?"

उस्तादांनी गाडीखाली गोणपाट अंथरलं.

सोपानराव गाडीखाली शिरले. बराच वेळ गंज खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग पाना फिरू लागला. शेवटच्या फेऱ्याला तो थांबला...

...आणि फिरला.

ते बाहेर आले. तोंडावरून हात फिरवला, पाना उस्तादांना दिला.

"घरी जाऊन येतो. जेवायचं राहिलंय," म्हणाले, आणि मागे न बघता रस्त्याला लागले.

गाडी गप्प होती. भालचंद्रच्या जिवात जीव आला.

"अर्थच निघाला शेवटी. मी म्हणतच होतो, भूतबित काही नाही."

तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. हॉर्न दाबला. वाजला नाही.

त्यानं खालची सीट उचलली. बॅटरीचा खण रिकामा होता.

"उस्ताद, बॅटरी?"

"सकाळीच काढली. चार्जिंगला लावलीये आत."

भालचंद्र सावकाश खाली उतरला.

"मग मघाशी वाजलं, ते... त्याचा अर्थ काय, उस्ताद?"

उस्ताद फडक्याला हात पुसत होते.

"तो सोपानरावांनी घट्ट केलाय. तू खोलू नकोस."