गुणाजीच्या जीपचा भोंगा

पिंपळवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा जीपवाला होता. भोळा म्हणायचं, कारण दुसरं काही म्हटलं की त्याची बायको सुगंधा भांडायला यायची.

जुन्या जीपा बाळगणारी आम्ही मंडळी तशी सगळीच अर्धवट. जीप चालवतो कमी, ढकलतो जास्त. दसऱ्याला मात्र पंचक्रोशीतल्या सगळ्या जीपा झेंडूच्या माळा घालून रांगेनं निघतात. त्या रांगेत आपली जीप नसेल तर गुणाजीला सण गोड लागायचा नाही.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर तो पाहुण्यांकडे निघाला. वाटेत एकाला रस्ता विचारला.

"नाकासमोर सरळ जावा," तो म्हणाला.

पुढं रस्ता वळला. गुणाजी वळला नाही. जीप ओढ्यात गेली आणि तिचा सांगाडा पार वाकला.

मेहुणा बाजीराव म्हणाला, "दाजी, हिचे सुटे भाग जीपवाल्यांना विका. येतील त्या पैशात माझी जीप तुम्हाला देतो. दसऱ्याला रांगेत उभी करा."

गुणाजी हरखला.

पहिलं गिऱ्हाईक पुढच्या दिव्यासाठी आलं. गुणाजीनं ओढ्यातल्या चिखलासकट दिवा त्याच्या हातात ठेवला. गिऱ्हाईक हात धुऊन निघून गेलं.

"अहो, वस्तू घासूनपुसून चकाचक करून द्यावी," सुगंधा म्हणाली.

"बरं," म्हणून गुणाजीनं खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली. गाठ मारली की त्याच्या पक्कं लक्षात राहायचं.

दुसरा आला बॉनेटसाठी. त्यावर कारखान्यातला मूळ रंग अजून टिकून होता, आणि आम्हा वेड्यांना मूळ रंगाचा एवढासा पोपडाही सोन्यासारखा. "चहा पिऊन येतो," म्हणून तो गेला. गुणाजीनं गाठ चाचपली, विटेची भुकटी घेतली आणि बॉनेट पातेल्यासारखं लख्ख घासलं. गिऱ्हाईक परत आलं आणि कट्ट्यावर बसून रडलं.

"अहो, जुन्याला हात लावू नये! जसं आहे तसंच द्यावं," सुगंधा म्हणाली.

"बरं." गुणाजीनं दुसरी गाठ मारली.

तिसऱ्याला सीट हवी होती. सीटवर सुगंधाची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. गुणाजीनं हात लावला नाही. जसं होतं तसंच देऊन टाकलं. गिऱ्हाइकाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुगंधाची होती.

"अहो, देण्याआधी आत वाकून बघावं! आपलं असेल ते काढून घ्यावं."

"बरं." तिसरी गाठ.

चौथा गिअरबॉक्ससाठी आला. गुणाजीनं झाकण उघडून आत वाकून बघितलं. आत दातेरी चाकं होती. "ही तर आपलीच," म्हणून त्यानं ती काढून घेतली आणि रिकामं खोकं दिलं. दुसऱ्या दिवशी तो गडी ते खोकं डोक्यावर घेऊन शिव्या देत दारात उभा.

सुगंधानं कपाळाला हात लावला. "अहो, एकाला एक जोडलेलं असतं. जोडलेलं तोडू नये. अख्खं द्यावं."

गुणाजीनं चौथी गाठ मारली आणि स्वतःशीच हसला. "माझं डोकं बी जीपसारखंच हाय. ढकलल्याबिगर सुरू होत न्हाई."

तरी रडतखडत बरंच काही खपलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजीराव शब्दाला जागला. आईला घेऊन स्वतःच्या जीपमधून आला आणि मोडक्या जीपशेजारी गाडी लावली.

"दाजी, आजपासून ही तुमचीच," म्हणून तो बहिणीबरोबर घरात गेला. सासूबाई उन्हानं थकल्या होत्या. त्या मागच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन झोपून गेल्या.

गुणाजी नव्या जीपभोवती तीनदा फिरला. आनंद त्याच्या पोटात मावेना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

"तुमच्या जीपचा भोंगा विकायचाय का?"

गुणाजीनं मोडक्या जीपचा भोंगा दाबला. आवाज नाही. नव्या जीपचा दाबला. पों! ही जीपही आता त्याचीच. तो भोंगा काढायला वाकला. भोंग्याला वायर जोडलेली. वायरीला बॅटरी जोडलेली. बॅटरीला इंजिन. इंजिनाला चाकं. गुणाजीनं चौथी गाठ चाचपली.

"न्या."

"अख्खी?" गिऱ्हाइकानं विचारलं. "भोंग्याच्या भावात?"

"अख्खी."

गिऱ्हाइकानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. धुरळा उडवत गेलं.

आवाज ऐकून बाजीराव आणि सुगंधा बाहेर आले. "दाजी, जीप कुठाय?"

"भोंगा विकला," गुणाजी अभिमानानं म्हणाला. "जोडलेलं तोडलं न्हाई."

बाजीरावानं रिकाम्या जागेकडे बोट केलं. गुणाजीनं तिकडं बघितलं. दसऱ्याला आता पायीच, हे त्याला तेव्हा कळलं.

"आणि मागं झोपलेली माझी आई?" सुगंधा किंचाळली.

गुणाजीनं दुसरी गाठ चाचपली. "जशी होती तशीच दिली. हात लावला न्हाई."

"आत वाकून बघा म्हटलं होतं की!"

"बघितलं की." गुणाजीनं तिसरी गाठ तिच्यापुढं धरली. "चांगलं वाकून बघितलं. आत तुझी आई होती. आपलं कायबी नव्हतं."