हैबतीची वेगळी चूल

एका गावात हैबती नावाचा एक कुंभार होता, आणि त्या दिवशी तो घरभर नाचत होता. कारणच तसं होतं. शेजारच्या तेल्यानं त्याला घाण्यावर काम देऊ केलं होतं. सकाळी आपलं चाक फिरवायचं, दुपारनंतर घाण्याचा बैल. मडक्यांवर महिन्याला एक पोतं ज्वारी मिळायची, आता घाण्याचं आणखी एक पोतं. दोन पोती! शिमग्यानंतरच्या जत्रेत दारात म्हैस येणार, हे हैबतीनं ठरवूनच टाकलं. त्याची बायको तानूबाई म्हणाली, म्हशीचं नाव चांदी ठेवू. हैबती म्हणाला, मोगरी. त्यावरून दोघांचं असं जुंपलं की जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! त्यांची लेक ठकू मात्र गोठ्याला जागा कुठे आहे ते बघून आली.

महिना भरला. गावाची रीत अशी, की प्रत्येकाची कमाई चावडीत मापाड्यासमोर मोजली जायची. मापाडी भागोजी म्हातारा होता, पण मापात चिमूटभर इकडचं तिकडे होऊ देत नसे. मडक्यांचं पोतं त्यानं नेहमीसारखं न उघडता बाजूला ठेवलं. घाण्याचं पोतं मात्र उघडलं, त्याचे पाच वाटे केले, एक राजाच्या कोठारात धाडला आणि एक गावच्या पेवात ओतला. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. गावातल्या आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची, पोरक्यांची पोटं त्यावर चालायची.

हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. घाम तोच, ज्वारी तीच, मग एक पोतं अख्खं आणि दुसऱ्याची ही दशा का, असं त्यानं विचारलं.

"माफी पोत्याला नसते, हैबती, चुलीला असते," भागोजी म्हणाला. "एका चुलीचं पहिलं पोतं कुणी उघडत नाही. पुढच्यातून वाटा द्यावा लागतो. मग ते मडक्यांचं असो की तेलाचं. तुझी चूल एकच."

झालं! हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चूल एकच आहे ना? मग दुसरी मांडू! चुलीला लागतं काय, तीन दगड. दुसऱ्या दिवशी त्यानं घाण्याच्या छपराखाली तीन दगड ठेवले, जाळ केला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या उत्साहानं सांगत सुटला, की आजपासून माझी इथं वेगळी चूल आहे.

वेगळी चूल मांडली म्हटल्यावर गाव काय समजायचं तेच समजलं. दुपारपर्यंत नदीवर बातमी पोचली, कुंभाराचं घर मोडलं. बायका तानूबाईचे डोळे पुसायला आल्या. चार म्हाताऱ्या काठ्या टेकत घाण्यावर गेल्या आणि त्यांनी हैबतीची खरपूस हजेरी घेतली. हैबती हसत राहिला. चूल विझली तर माफी जाईल म्हणून तो घरी जेवायलाही जाईना. स्वतःच भाकरी थापायचा, ती करपायची, आणि तो ती मजेत खायचा. भाकरी करपली तर करपू दे, पोतं अख्खं मिळणार होतं!

पुन्हा महिना भरला. तमाशा बघायला चावडी गच्च भरली. भागोजीनं शांतपणे सांगितलं, "दुसऱ्या चुलीची माफी मिळेल. फक्त सगळ्यांसमोर बोलायचं, की ही बाई अन् ही पोर माझ्या चुलीची नव्हेत. बोल, आणि पोतं उचल."

हैबती उत्साहानं पुढे झाला. त्यानं तोंड उघडलं. समोर तानूबाई उभी होती आणि तिचा पदर धरून ठकू. हैबतीनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

मग तानूबाईच बोलली. "बोलायचं तर बोला. पण माझे आईबाप पटकीच्या साथीत गेले, तेव्हा मी ह्याच पेवातलं खाऊन वाढले. तेबी कुणाचं तरी दुसरं पोतंच असंल."

हैबतीला फार लाज वाटली. तानू पेवावर वाढली हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं, पण त्या पेवात धान्य येतं कुठून हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं पोत्याचं तोंड सोडलं. मग धावत घाण्यावर गेला आणि चुलीचे तिन्ही दगड ओढ्यात फेकून आला.

घरी जाताना दोघांनी नीट हिशेब केला. पाचातले तीन वाटे हाती येतात. तेवढ्यासाठी बैलामागे फिरणं परवडतं का? परवडतं. म्हैस या जत्रेत नाही, पुढच्या जत्रेत येईल.

आणि आली की! वाजतगाजत आली. पहिलं दूध त्या काठीवाल्या चार म्हाताऱ्यांकडे गेलं. चांदी की मोगरी, हे भांडण अजून मिटलेलं नाही, पण ते एकाच चुलीपाशी बसून चालतं.

तात्पर्य: दुसरं काम धरताना हाती काय पडेल ते आधी पाहावं, आणि गावाच्या वाट्याला गेलेलं वाया गेलं म्हणू नये, आपलंच कुणीतरी त्यावर वाढलेलं असतं.