लव्हाळ्यातली हाक

या तळ्याभोवतीची वाट सकाळी धरली तर दिवेलागणीला संपते. चाला खुशाल, पण पश्चिमेच्या लव्हाळ्यापाशी कुणी नवऱ्याला ‘अहो’ म्हणून हाक मारायची नाही. नाव घ्यायचे. तुम्हा शहरातल्या बायकांना त्यात काय कठीण? आमच्या बायकांना विचारा.

फार मागे इथल्या राहीचा नवरा सुभाना मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला होता. तो उठला तर जोडीने तळ्याची प्रदक्षिणा घालीन, असा नवस राहीने तळ्यातल्या आसरांना केला. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. देतात तशा नेतातही, असे आम्ही गुरव मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

सुभाना बरा झाला. दोघे निघाली. लव्हाळ्याशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. राहीच्या पायात काटा मोडला म्हणून ती खाली बसली, सुभाना पुढे गेला. तेवढ्यात लव्हाळ्यातून हाक आली म्हणे, “अहो, इकडं या.” आवाज हुबेहूब राहीचा. सुभाना वाट सोडून पाण्याकडे वळला.

“अहो, तिकडं नका जाऊ. मी हितं हाय,” राही ओरडली.

“अहो, मी हितं हाय,” लव्हाळाही म्हणाला.

दोन्हीकडून एकच आवाज. सुभाना गोंधळला आणि जवळच्या हाकेकडे चालत राहिला. नाव घेऊन हाक मारली की तो वळेल, हे राहीला कळत होते. पण नाव घेतले की नवऱ्याचे आयुष्य घटते, हे तिला लहानपणापासून शिकवलेले. आणि त्याच्या आयुष्यासाठीच तर ती चालत होती. नाव ओठांशी आले, तिने ते गिळले. पाणी त्याच्या छातीला लागले तेव्हा कुठे तिच्या तोंडून “सुभाना” निघाले. तो वळला, तिच्याकडे बघितले, आणि गेला.

नाव घेतले म्हणून गेला, की उशिरा घेतले म्हणून? राही मरेपर्यंत रोज लव्हाळ्यापाशी येऊन हेच विचारत असे म्हणतात.

आजही नव्या सुनेला इथे आणून सासूच सांगते, “घे बाई नाव, मोठ्यानं घे.” आणि आजही तिन्हीसांजेला लव्हाळ्यातून ‘अहो’ ऐकू येते. कोणी म्हणतात आसरा, कोणी म्हणतात राही. राही असेल तर जीव तुटतो आमचा. पण ओ कुणी देत नाही.