आचाऱ्याचं खरं उत्तर

फार पूर्वी एका डोंगरी किल्ल्यावर भानजी नावाचा आचारी राहत होता. पायथ्याशी शत्रूने तळ ठोकला होता, म्हणून चार महिने किल्ल्याचे दरवाजे बंद होते. कोठारं मात्र भरलेली. भात, वरण, तूप, कशालाच तोटा नव्हता.

तरीही गडावर काहीतरी भयंकर शिरलं. आधी पहारेकऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मग पायांवर काळेनिळे डाग उठले. कधीच भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. दोघे दगावले. "जेवणात विष आहे," लोक कुजबुजू लागले. भानजी वाढायला आला की पंगतीतले हात थबकत.

किल्लेदाराने गडावरच्या म्हाताऱ्या वैदिणीला बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत कारण शोधा. दोष जेवणात निघाला, तर आचाऱ्याचा कडेलोट!"

भानजीने हे ऐकलं. विष त्याने कालवलं नव्हतं. पण मुदपाकखान्यामागे भाजीचा मळा होता आणि निवडण्याचिरण्याचा कंटाळा येऊन त्यानेच त्यात शेळ्या सोडल्या होत्या. किल्लेदाराला मात्र "मळा उन्हाने जळाला" असं ठोकून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैदीण चौकात बसली. एकेकाला एकच प्रश्न विचारू लागली. "काल उठल्यापासून काय काय खाल्लंस? काही गाळू नकोस."

"भात, वरण, तूप."

"आणि परवा?"

"तेच की, आजी. पोटभर."

सगळ्यांचं उत्तर सारखंच. फक्त शेळ्या राखणारी धनगरीण म्हणाली, "मी पण तेच जेवते. पण हिंडताना तटाजवळचे आवळे खाते, आंबुशीचा आंबट पाला चघळते." वैदिणीने तिचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या घट्ट होत्या.

वैदीण वळली. "भानजी, खरं सांग. तू यांना भाजी वाढत होतास का?"

भानजीने वर पाहिलं. समोर किल्लेदार उभा, त्याच्यामागे कडा. 'रोज वाढत होतो' एवढं म्हटलं की सुटका होती. तेवढ्यात रांगेतली त्याची लेक खोकली आणि तिने थुंकलेली थुंकी लाल होती.

"नाही, आजी," तो म्हणाला. "चार महिने पानाचा तुकडासुद्धा वाढला नाही. मळा जळाला नव्हता, मीच शेळ्यांना चारला."

किल्लेदाराचा हात तलवारीवर गेला. वैदीण मध्ये आली. "सरकार, थांबा. हा खोटं बोलला असता, तर मी टाक्यातल्या पाण्यात विष शोधत बसले असते आणि इकडे माणसं मेली असती. हा रोग विषाचा नाही, हिरवं-आंबट पोटात न गेल्याचा आहे. आता आवळे गोळा करायला माणसं पाठवा."

त्या दिवसापासून प्रत्येकाच्या पानात आवळा आणि हिरवा पाला पडू लागला. काही दिवसांतच रक्त थांबलं, हळूहळू डागही विरले. भानजीची लेक पुन्हा खेळू लागली. किल्लेदाराने कडेलोट माफ केला, पण दगावलेल्यांच्या घरी जाऊन सगळं सांगण्याची आज्ञा दिली.

पहिल्याच दारात पहारेकऱ्याची विधवा उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे महिनाभर आधी का नाही बोललास, भाऊ?"

भानजीने डोक्यावरचं पागोटं उतरवून तिच्या उंबऱ्यावर ठेवलं.

तात्पर्य एवढंच: भरलेल्या पोटालाही उपास घडतो. म्हणून ताटात काय आहे ते रोज पाहावं आणि काय नाही ते वेळेवर खरं सांगावं.