राजाचा होकार

“आठ दिवसांत किनारा रिकामा करा!” नागोजीराव महाराजांनी फर्मावलं. “तिथे माझा हवामहाल उठणार. तिथे सुकणाऱ्या बांगड्यांचा, त्या मासळीचा वास मला सहन होत नाही.”

राजे लोकांना नाक फार असतं. कांदळबंदर गावाला दुसरी सपाट, कोरडी, उन्हाची जागा नव्हती. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सगळं गाव तिथे सुकवलेल्या मासळीवर जगायचं. ही वाळवणाची जागा गेली, तर आषाढात चुलीवर नुसतं पाणी उकळायचं!

गाव दरबारात गेलं, हात जोडले. महाराज म्हणाले, “नाही.” हा त्यांचा आवडता शब्द. त्यांना ‘जेवलात का?’ विचारलं तरी ते आधी ‘नाही’ म्हणत आणि मग ढेकर देत.

पण गाव हलेना. तेव्हा महाराज मिशीत हसले. “बरं! आठ दिवसांच्या आत, चारचौघांत, माझ्या तोंडून होकार काढून दाखवा. हो म्हणा, होय म्हणा, व्हय म्हणा, कसलाही चालेल! निघाला, तर किनारा तुमचा. मात्र जबरदस्ती नाही.”

झालं! शहाणे कामाला लागले.

आचाऱ्याने खापरोळ्या केल्या, वर नारळाचा गोड रस ओतला आणि विचारलं, “महाराज, अजून वाढू?” महाराजांनी नुसतं ताट पुढे सरकवलं. सात वेळा सरकवलं. शब्द नाही.

भटजींनी विचारलं, “आपण या गावचे राजे ना?”

“लोक तसं म्हणतात बुवा.”

दशावतारातला नामांकित नट ब्रह्मदेवाचं सोंग घेऊन दरबारात शिरला आणि गरजला, “राजा, प्रसन्न झालो! वर हवा?”

“नको. दाढी सुटतेय तुझी, ती सांभाळ.”

शेवटच्या दिवशी सकाळी भिवा तांडेलाची लेक मथुरी दरबारात आली. हाताला मिठाची पांढरी पुटं, बोटांना बांगड्यांचे खवले. महाराजांनी नाकाला रुमाल लावला.

“तूही विचारायला आलीस?”

“मी कशाला विचारू? शहाणे थकले, तिथे मी काय करणार! आम्ही आज जागा सोडतोय, एवढंच सांगायला आले.”

“शहाणी आहेस.”

“फक्त किनाऱ्याच्या देवाला, राखणदाराला सांगून उठावं लागेल. पिढ्यान्‌पिढ्या त्याने मासळी राखलीय. त्याला गाऱ्हाणं न घालता तिथे कुदळ मारायला तुमचा एकतरी गडी तयार होईल का, विचारून बघा.”

महाराजांनी गड्यांकडे बघितलं. गडी छताकडे बघत होते.

“आणि जागा तुम्ही घेणार, तेव्हा नारळ तुमच्या हातचा हवा,” मथुरी म्हणाली. “याल ना?”

महाराज तिच्याकडे रोखून बघत राहिले. मग दिवाणाला म्हणाले, “नारळ मोठा घ्या.”

पोरीने डाव टाकला होता, तो त्यांनी ओळखला. निदान त्यांना तसं वाटलं.

किनाऱ्यावर माडाखाली राखणदाराचा शेंदूर फासलेला दगड. भोवती सगळं गाव जमलं. महाराजांनी नारळ ठेवला, पागोटं सारखं केलं, हात जोडले. लहानपणी वडिलांच्या धोतराला धरून ते दर गाऱ्हाण्याला असेच उभे राहायचे. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला सोमा गावकर पुढे झाला. त्याचा आवाज असा, की भरतीसुद्धा ऐकून घेई.

“बा राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत...”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं.

महाराजांचे ओठ घट्ट मिटलेले.

“तेंच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे...”

“व्हय म्हाराजा!”

महाराजांचे ओठ हलले. आवाज नाही.

“दर्यात गेलेली होडी सुखरूप परत हाड...”

“व्हय म्हाराजा!”

महाराजांचे डोळे मिटले. मान डोलू लागली.

“राजाच्या घराक आयुष्य दी, तेचा बरा कर...”

“व्हय म्हाराजा!” यात एक जाडा आवाज मिसळला होता. गलक्यात तो कुणाचा, हे शपथेवर कोण सांगणार? मथुरीने हळूच बोट वर केलं.

“आणि ही मासळी हंयच सुकत रवांदे, ही जागा तेंकाच रवांदे...”

गाव गप्प. बायका गप्प, बापये गप्प, तान्ही पोरंसुद्धा गप्प.

“व्हय म्हाराजा!”

एकटा आवाज. जाडा, भक्तिभावाने भरलेला. माडावरचा कावळासुद्धा उडाला.

महाराजांनी डोळे उघडले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

“फसवणूक!” ते ओरडले. “मी सवयीने म्हटलं!”

“जबरदस्ती कुणी केली?” मथुरीने विचारलं.

“कुणी नाही! पण तो होकार मी तुम्हाला दिलाच नाही. देवाला दिला!”

“मग आमचं काहीच म्हणणं नाही,” मथुरी बाजूला झाली आणि तिने दगडाकडे वाट मोकळी केली. “तो समोर बसलाय. ‘देवा, तुला दिलेला शब्द मागे घेतला’ म्हणून त्याला सांगा, आणि नारळ उचलून घरी न्या. आम्ही मध्ये बोलणार नाही.”

महाराजांनी दगडाकडे पाहिलं. नारळाकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं. ते मागे घेतलं. मग त्यांचं पोट हलू लागलं आणि ते असे खदखदून हसले, की पागोटं वाळूत पडलं!

“पोरी, किनारा तुमचा! आणि तुला काय हवं? माग!”

“तुमच्या मिठागरातलं एक होडीभर मीठ द्या, महाराज. बांगडा यंदा भरपूर आहे.”

“नाही!” महाराज म्हणाले. मग पागोट्यातली वाळू झटकत दिवाणाकडे वळले. “एक नाही. दोन होड्या भरा!”